सीमारेषा हलली की भाषेचं काय होतं? एका पानाच्या समीकरणाची झाडाझडती

या वेळी वाचायला घेतलेला पेपर फक्त एका पानाचा आहे. ऑगस्ट २००३च्या 'नेचर'मध्ये डॅनियल अब्रॅम्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी भाषा कशा नाहीशा होतात याचं एक गणिती मॉडेल मांडलं. अब्रॅम्स तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करत होते. त्या एका पानाच्या आधारावर पुढं पेपरांचा मोठा ढीग उभा राहिला आणि त्यातले बरेचसे भौतिकीवाल्यांनी लिहिलेत.

भाषेवर भौतिकीवाले का लिहितात, असं तुम्हाला वाटेल. माझी पीएच.डी. सांख्यिकीय भौतिकीत आहे. पुष्कळ कण शेजाऱ्याच्या नादाने कसे वागतात, हे बघणं आमचं काम. 'शेजारी जे करतो ते मी करतो' या एका नियमावर चुंबकापासून अफवेपर्यंत बरंच काही समजावता येतं. मग भाषा का नाही? कल्पना चांगली आहे. पण मी राहते पिंपरीत, आणि इथली माणसं भाषेच्या बाबतीत कणांसारखी वागत नाहीत, हे बसथांब्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

तर आजचा प्रश्न असा: देशाची किंवा राज्याची हद्द बदलली की दोन भाषांमधलं पारडं कसं आणि किती वेळात झुकतं? हे मॉडेल त्याचं उत्तर देतं का? माझं मत आधीच सांगून टाकते. मॉडेल एक गोष्ट फार नेमकी दाखवतं. पण सीमेमुळे जी गोष्ट खरोखर बदलते, तिला ते बाहेरून आलेला एक स्थिर आकडा समजतं.

हा प्रश्न पिंपरीतून विचारायला कारण आहे. १९३६ पर्यंत कराची, पुणे, बेळगाव, धारवाड ही सगळी शहरं एकाच मुंबई इलाख्यात होती. कराचीतली जुनी एन. जे. व्ही. शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाची आहे, ती त्याच इलाख्याची खूण. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला. १९४७ ला तो अख्खा पाकिस्तानात गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे वीस वर्षांत एका इलाख्यातून दोन मोठ्या रेषा ओढल्या गेल्या, एक देशाची आणि एक राज्याची. पहिल्या रेषेमुळे आलेली माणसं पिंपरी कॅम्पात वसली. दुसऱ्या रेषेच्या पलीकडून, निपाणी-खानापूर-बेळगावकडून, माणसं आजही भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला येतात. पहिल्या वेळी माणसांनी रेषा ओलांडली, दुसऱ्या वेळी रेषेनं माणसांना ओलांडलं. मॉडेल तपासून बघायला याहून चांगल्या दोन केस शोधून मिळणार नाहीत.

पेपर काय म्हणतो

समजा, एका प्रदेशात दोन भाषा आहेत. प्रत्येक माणूस एक तर पहिली बोलतो किंवा दुसरी. दरवर्षी काही माणसं इकडून तिकडे जातात, काही तिकडून इकडे येतात. किती जातील हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, समोरच्या भाषेत आधीच किती माणसं आहेत. दोन, त्या भाषेचा 'दर्जा' किती आहे. दर्जा म्हणजे ती भाषा येत असल्यामुळे नोकरी, शिक्षण, पैसा, मान यांतलं जे काही पदरात पडतं, त्या सगळ्याचा मिळून एक आकडा. तो ० ते १ च्या मधे असतो आणि दोन्ही भाषांच्या दर्जाची बेरीज १ येते. दोघींचा दर्जा सारखा असेल तर प्रत्येकी ०.५.

यात आणखी एक घातांक आहे. गर्दीचा ओढा किती जोरात लागतो, ते तो सांगतो. पेरू, बोलिव्हिया, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि अल्सास इथल्या मिळून ४२ प्रदेशांची आकडेवारी लेखकांनी तपासली, तेव्हा हा घातांक सगळीकडे १.३१ च्या आसपास आला. इतक्या वेगवेगळ्या समाजांत जवळपास एकच आकडा येणं ही त्या पेपरातली खरी चकित करणारी गोष्ट.

निष्कर्ष कडू आहे. असं समीकरण सोडवलं की दोन भाषा एकत्र कायमच्या टिकत नाहीत. एक उरते, दुसरी जाते. कुठली उरेल हे सुरुवातीची संख्या आणि दर्जा मिळून ठरवतात.

आता पेपरात नसलेलं, पण त्याच समीकरणातून निघणारं एक गणित करू. भाषेला टिकायला किमान किती टक्के बोलणारे लागतात? दर्जा ०.५ असेल तर उंबरठा ५० टक्के, हे उघड आहे. दर्जा ०.४५ वर आला की उंबरठा साधारण ६६ टक्क्यांवर जातो. दर्जा ०.४ झाला तर सुमारे ७९ टक्के लागतात. दर्जातली घट किती छोटी आहे आणि उंबरठा केवढा वर चढतोय, बघा. साठ टक्के लोकांची भाषा, दर्जा ०.५ असताना वाढत असते. तिचा दर्जा नुसता ०.४५ झाला, एक माणूस मेला नाही, एक माणूस गाव सोडून गेला नाही, तरी त्या दिवसापासून ती भाषा उताराला लागते.

मॉडेलमधली मला पटलेली गोष्ट हीच. बहुमत म्हणजे सुरक्षितता हा समज ते एका ओळीत मोडतं.

साठ टक्के हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५च्या अहवालात खानापूर तालुक्यात मराठी बोलणारे सुमारे ५४ टक्के आणि शहरासह बेळगाव तालुक्यात सुमारे ६० टक्के दिलेत. आयोगानं याला 'थोडकं बहुमत' धरलं आणि जिल्ह्याचे आर्थिक-प्रशासकीय संबंध कर्नाटकाशी आहेत म्हणून दोन्ही तालुके तिकडे दिले. १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी बेळगावात भाषांची टक्केवारी आदल्या रात्रीइतकीच होती. बदलला तो दर्जा.

दर्जा कुठून येतो?

इथून माझी तक्रार सुरू होते. पेपरात दर्जा हा आकडा आलेख जुळवून काढलेला आहे. म्हणजे वेल्श किंवा गेलिक बोलणारे किती वर्षांत किती कमी झाले हे बघायचं, मग समीकरण त्यावर बसवायला दर्जा किती धरावा लागतो ते शोधायचं. अख्ख्या शतकासाठी एकच आकडा. लेखकांशी अन्याय नको: शेवटी त्यांनी स्वतःच म्हटलंय की धोरण, शिक्षण, प्रसार यांनी दर्जा वाढवता येतो आणि असा प्रयत्न समीकरणात घातला तर दोन्ही भाषा टिकू शकतात. पण दर्जा वाढवता येतो तसा तो एका अधिसूचनेनं पाडताही येतो. भाषांच्या इतिहासात हे कितीदा घडलंय, आणि पेपरात त्याला जागा नाही.

सीमा बदलते तेव्हा दर्जा नेमका कशातून बदलतो ते सावकाश बघायला हवं, कारण मॉडेलमध्ये एकाच अक्षरात बंद केलेली गोष्ट प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळ्या यंत्रणांची बनलेली आहे आणि त्या वेगवेगळ्या वेगानं चालतात.

सगळ्यात आधी कागद बदलतो. १९६३ला म्हैसूर राज्याचा राजभाषा कायदा झाला आणि कन्नड कारभाराची भाषा ठरली. जमिनीचा उतारा, नोटीस, अर्जाचा नमुना हे घरातल्या एकाला तरी समजावं लागतं, नाहीतर दुसऱ्याला पैसे देऊन वाचून घ्यावं लागतं. मग सरकारी नोकरी, कारण परीक्षा त्या भाषेत. मग शाळा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गोकाक समितीच्या अहवालावरून कर्नाटकात मोठं आंदोलन झालं, आणि माध्यमिक शाळेत कन्नड पहिली भाषा असावी हा मुद्दा ऐरणीवर आला. मग पाट्या. २०१४ मध्ये येळ्ळूरमध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवण्यावरून लाठ्या चालल्या. त्याच वर्षी शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. सगळ्यात शेवटी, तिसऱ्या पिढीत, घरातली भाषा हलते किंवा हलत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानं जत-अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्यांवर हाच परिणाम केला. तिथल्या कानडी माध्यमाच्या शाळेतल्या मुलाला मंत्रालयाचा कागद मराठीतच येतो. रेषा कुणाच्याही बाजूनं ओढा, तिच्या दोन्ही अंगांना कुणीतरी अल्पसंख्य होतंच. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०-अ आणलं ते याचसाठी: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करावी. रेषा ओढणाऱ्यांना माहीत होतं की रेषेमुळे दर्जा पडणार आहे. त्यांनी औषधही लिहून ठेवलं. ते किती दिलं गेलं, हा सत्तर वर्षांचा वाद.

म्हणून दर्जा हा स्थिरांक मानणं मला फक्त तांत्रिक ढिलाई वाटत नाही. स्थिरांक कुणाचाच दोष नसतो. गुरुत्वाकर्षणावर कुणी खटला भरत नाही. 'भाषेचा दर्जाच कमी, म्हणून ती गेली' असं म्हटलं की शाळा कुणी बंद केली, अर्ज कुणी छापला हे प्रश्न आपोआप गळून पडतात.

टक्के कशाचे?

दुसरी तक्रार मोजणीची आहे. मॉडेल म्हणतं 'एका प्रदेशात'. कुठल्या प्रदेशात? भूगोलाच्या संख्याशास्त्रात हा जुना दुखणाईत प्रश्न आहे. ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ला अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी घेतल्या आणि त्यांचे वेगवेगळ्या प्रकारे गट पाडून तोच एक सहसंबंध पुन्हा पुन्हा मोजला. आकडेवारी तीच. गट कसे पाडले यावर उत्तर जवळजवळ उणे एकपासून अधिक एकपर्यंत कुठंही जात होतं.

बेळगावचा वाद म्हणजे हाच प्रश्न, रस्त्यावर उतरलेला. जिल्हा हे एकक धरा, कन्नड बहुमत. तालुका धरा, बेळगाव-खानापूर मराठी. गाव धरा, तर नकाशा चितळाच्या कातडीसारखा. तेव्हाच्या मुंबई राज्यानं १९५७ला पाटसकर सूत्र मागितलं: गाव हे एकक, सलग भूभाग, भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा. ह. वि. पाटसकरांनी हे सूत्र आंध्र-मद्रास सीमेसाठी वापरलं होतं, म्हणून इथंही लावा. १९६६ला नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ला अहवाल दिला. निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर कर्नाटकात राहावं, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो फेटाळला, अंमलबजावणी झाली नाही, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं ८६५ गावांसाठी पुन्हा ठराव केला.

मला यात सगळ्यात खटकतो तो पुनर्रचना आयोगाचा एक तपशील. चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होता. तिथं मराठीचं प्राबल्य फार मोठं म्हणून आयोगानं जिल्हा फोडून तो मुंबई राज्याला दिला. शेजारच्या बेळगाव तालुक्याला मात्र जिल्ह्याचं एकक लावलं. याच्या समर्थनात मुद्दे आहेत. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण जिल्ह्यापासून तोडणं सोपं नसतं. पण एकाच जिल्ह्यात दोन मोजपट्ट्या वापरल्या, हे मोजमापाच्या दृष्टीनं मान्य करावंच लागेल.

आणि मोजलेला आकडा तरी निर्मळ असतो का? सीमा टक्केवारीवर ठरणार हे कळलं की लोक मातृभाषेच्या रकान्यात उत्तर म्हणून भाषा सांगत नाहीत, मत देतात. १९५१ला पंजाबात हा गोंधळ इतका झाला की जनगणनेनं हिंदी, पंजाबी, उर्दू आणि पहाडी यांचे आकडे वेगळे दिलेच नाहीत. प्रयोगशाळेत मोजणाऱ्या यंत्रानं मोजली जाणारी वस्तूच बदलली, तर आम्ही तो आकडा टाकून देतो. सीमाप्रश्नात तोच आकडा पुरावा होतो.

शेजार असेल तर

मॉडेल बरोबर असतं तर बेळगावातून मराठी आतापर्यंत बरीच ओसरली असती. तसं झालेलं नाही. बाबुराव ठाकूरांनी १९१९ला सुरू केलेला 'तरुण भारत' तिथून निघतो. १९४६ला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली ज्या शहरातल्या साहित्य संमेलनानं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, तिथं अजून मराठीत भांडणं, लग्नं आणि निवडणुका होतात. मग समीकरण कुठं चुकलं?

याचं उत्तर २००४ च्या एका पेपरात आहे. मार्को पॅट्रिआर्का आणि तेमू लेप्पानेन या हेलसिंकीच्या दोघांनी अब्रॅम्स-स्ट्रोगॅट्झचंच समीकरण घेतलं, पण प्रदेश एक न धरता शेजारी दोन धरले. एकीकडे पहिल्या भाषेचा दर्जा वरचा, दुसरीकडे दुसरीचा. माणसं थोडी इकडे-तिकडे ये-जा करतात. एवढ्या बदलानं निकाल उलटतो आणि दोन्ही भाषा टिकतात, आपापल्या बाजूला. सीमा म्हणजे भाषेला घर देणारी गोष्ट, असा याचा अर्थ.

बेळगावच्या मराठीला हे घर हाकेच्या अंतरावर आहे. शहरातून निघालं की थोड्या वेळात शिनोळी, म्हणजे चंदगड, म्हणजे महाराष्ट्र. पुढं कोल्हापूर, पुढं पुणे, पिंपरी. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला बेळगावात सरकारी नोकरी मिळाली नाही, तरी त्या मराठीवर तो इथं येऊ शकतो. थोडक्यात, बेळगावातल्या मराठीचा दर्जा फक्त बंगळुरूमध्ये ठरत नाही, काही अंशी तो पिंपरी-चाकणमध्ये ठरतो. आणि इथल्या कारखान्यात सुपरवायझरशी हिंदीत बोलायचं, मुलाखत इंग्रजीत द्यायची, असं असेल तर बेळगावातल्या आईबापांनी मुलाला मराठी शाळेत का घालावं? सीमालढ्याला जाहीर पाठिंबा देणाऱ्या आपल्यापैकी कितीजण हा प्रश्न आपल्या एमआयडीसीला विचारतात? पॅट्रिआर्का-लेप्पानेन यांच्या मॉडेलमध्ये दुसऱ्या बाजूचा दर्जा वरचा आहे असं गृहीत आहे. तो वरचा ठेवणं हे रेषेच्या या बाजूच्यांचं काम.

आणि घरच नसेल तर? त्याचं उत्तर पिंपरी कॅम्पात आहे. फाळणीत पंजाब आणि बंगाल तुटले, त्यामुळे पंजाबी आणि बंगालीला दोन्ही देशांत आपापला प्रदेश राहिला. सिंध तुटला नाही, पूर्ण पलीकडे गेला. इकडे आलेल्या सिंधी माणसांच्या वाट्याला भारतात सिंधीचा एकही जिल्हा आला नाही. वाट्याला आले ते पिंपरी, कल्याणजवळचं उल्हासनगर, आणि देशभर विखुरलेले कॅम्प. १९६७ला एकविसाव्या घटनादुरुस्तीनं सिंधी आठव्या अनुसूचीत आली. मान मिळाला, पण प्रदेश नाही मिळाला. देवनागरी की अरबी वळणाची लिपी, या वादात शाळेच्या पुस्तकांचीही दोन लिप्यांत वाटणी झाली. कॅम्पातल्या बाजारात फिरा: पाट्या मराठी-इंग्रजीत, गिऱ्हाइकाशी हिंदी-मराठी, आणि सिंधी बहुतेक ज्येष्ठांच्या तोंडी. कुणी बंदी घातली नाही. त्या भाषेवर जगता येईल असं ठिकाणच रेषेनं ठेवलं नाही.

२०११च्या जनगणनेत सिंधी बोलणारे सुमारे २७ लाख ७२ हजार दिसतात, म्हणून ठीक चाललंय असं समजू नका. त्यात सुमारे १० लाख कच्छी धरलेत. चौकटीचा प्रश्न इथंही.

पलीकडेही पारडं हललंच. भारतातून गेलेल्या उर्दूभाषकांमुळे कराची, म्हणजे सिंधची राजधानी, उर्दूबहुल झाली. १९७२च्या जुलैमध्ये सिंधच्या विधानसभेनं सिंधी भाषेचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा कराचीत दंगली उसळल्या. एका रेषेनं एकाच भाषेला एका देशात प्रदेशाविना केलं आणि दुसऱ्या देशात स्वतःच्या राजधानीत अल्पसंख्य केलं.

शाळांचा परिणाम खरंच किरकोळ?

या विषयावरचा आणखी एक पेपर सोडून चालणार नाही, कारण तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. २०१७ला 'पीएनएएस'मध्ये काथारिना प्रोखाझ्का आणि गेरो फोगल या व्हिएन्नाच्या भौतिकीवाल्यांनी दक्षिण ऑस्ट्रियातल्या कॅरिंथिया भागाचा गावनिहाय अभ्यास केला. तिथं जर्मन आणि स्लोव्हेन या दोन भाषा आहेत. त्यांचा निष्कर्ष: भाषा टिकण्यात सगळ्यात मोठा वाटा आसपास तीच भाषा बोलणारी माणसं असण्याचा. द्विभाषिक शाळा, चर्चची भाषा यांचा परिणाम किरकोळ.

पेपर मेहनतीचा आहे. एकदम संपूर्ण प्रदेशाची सरासरी न काढता गाव-गाव बघणं हे अब्रॅम्स-स्ट्रोगॅट्झच्या खूप पुढचं पाऊल. शेजाऱ्यांचा मुद्दा तर सिंधीला चपखल बसतो: कॅम्प विखुरले, शेजार तुटला, भाषा तुटली. पण 'शाळांचा परिणाम किरकोळ' हे वाक्य एखाद्या धोरणाच्या टिपणात जाऊन बसलं तर? पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायला आयतं शास्त्रीय कारण. म्हणून आकडेवारी कुठली हे बघायलाच हवं.

ती दोन तुकड्यांत आहे: १८८० ते १९१० आणि १९७१ ते २००१. मधली साठ वर्षं नाहीत. त्या साठ वर्षांत काय झालं? १० ऑक्टोबर १९२० ला दक्षिण कॅरिंथियात सार्वमत झालं आणि सुमारे ५९ टक्के मतं ऑस्ट्रियात राहण्याच्या बाजूनं पडली. देशाची नवी सीमा पक्की झाली. १९४२ला नाझींनी स्लोव्हेन कुटुंबांना गावांतून हाकललं. १९४५ला शाळा सक्तीनं द्विभाषिक केल्या, १९५८ला ती सक्ती गेली. सीमेचा, सक्तीचा आणि शाळेचा सगळा गदारोळ नेमका त्या वगळलेल्या काळात आहे.

दुसरं असं की १९७१ नंतर अभ्यासातली सगळी गावं सीमेच्या एकाच बाजूला आहेत. सगळ्या गावांवर पाऊस सारखाच पडला, तर गावांची आपसांत तुलना करून पावसाचा पिकावर काय परिणाम झाला हे कळणार नाही. फरक दिसेल तो विहिरीचा. तसंच इथं: सीमेमुळे पडलेला दर्जा सगळ्या गावांना समान, म्हणून तो गणितात दिसतच नाही. उरतो गावागावांतला फरक, म्हणजे शेजारी.

त्या सार्वमतातली आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवा. मतदान झालेल्या भागात स्लोव्हेन बोलणारे बहुसंख्य होते. म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणांनी भाषेच्या विरुद्ध मत दिलं, कारण बाजार आणि रोजचे व्यवहार उत्तरेकडच्या क्लागेनफुर्टशी होते. आपल्याकडे जत तालुक्यातल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले ते पाण्यासाठी. पाटसकर सूत्रात भाषा आणि लोकांची इच्छा ही वेगळी कलमं आहेत, ती यासाठीच महत्त्वाची. आपण दोन्ही बाजूंनी ती एकच धरून भांडतो.

मग यातलं काय घ्यायचं?

अब्रॅम्स-स्ट्रोगॅट्झकडून मी एवढंच घेईन: दर्जा जरासा पडला तरी बहुमताला उतार लागतो. 'एक भाषा मरणारच' हे मात्र घेणार नाही, कारण ते माणूस एकाच भाषेचा असतो या गृहीतकातून आलंय. भाजी मराठीत, तलाठ्याशी कन्नडमध्ये, सिनेमा हिंदीत असा दिवस काढणाऱ्या बेळगावकराला त्या समीकरणात रकानाच नाही.

खरा अभ्यास करायचा तर आपल्याकडे जगात क्वचित मिळेल असा नैसर्गिक प्रयोग तयार आहे. चंदगड आणि बेळगाव हे लागून असलेले तालुके, ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एका जिल्ह्यात. दुसऱ्या दिवशी एक इकडे, एक तिकडे. रेषेच्या दोन्ही बाजूंची जवळजवळची गावं घ्यायची, शाळांचे पट, माध्यम, नोकरीसाठी कोण कुठं गेलं, घरात नातवंडांशी कुठल्या भाषेत बोलतात हे दशकागणिक लावायचं. जत-अक्कलकोटकडे हेच कन्नडसाठी करायचं, नाहीतर त्याला संशोधन म्हणता येणार नाही. पुणे, कोल्हापूर आणि धारवाड इथली विद्यापीठं मिळून हे करू शकतात, आणि दर्जा हा आकडा अंदाजानं न धरता प्रत्यक्ष मोजू शकतात. घाई एवढ्यासाठी की १९५६ आधीची शाळा आठवणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

तोपर्यंत सीमाप्रश्नावर कुणी टक्केवारी फेकली की विचारा: कुठल्या चौकटीतली, कुठल्या वर्षाची, आणि त्या माणसाला दोन भाषा लिहायची मुभा होती का? उत्तर आलं नाही तर तो आकडा पुरावा नसून घोषणा आहे असं समजा.

पुढच्या लेखात मिरा आणि परेदेस या स्पॅनिश जोडीचा २००५ चा पेपर घेऊ. गॅलिशियन आणि स्पॅनिश अशा दोन जवळच्या भाषा बोलणाऱ्यांना समीकरणात तिसरा रकाना दिला की काय होतं, ते त्यात आहे. मराठी-कोकणीवाल्यांनी जरूर वाचा.